तेरच्या पांढरीतले यवन

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या कुणा एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. कुठे काय खपतं, कुठून काय उचलावं, कुठला राजा कटकटीचा, कुठे वाळूचे दांडे गलबत अडकवतात, असा सगळा रोखठोक मजकूर. वाङ्मय म्हणून तिची किंमत फार नाही, आणि लिहिणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. ‘पेरिप्लस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वहीची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्गच्या ग्रंथालयात आहे. भडोचच्या बंदराबद्दल भरभरून लिहून झालं की हा गृहस्थ दक्षिणेच्या मुलखाकडे वळतो. सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागतं आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून सुलेमानी जातीचा पट्ट्यापट्ट्यांचा दगड येतो. तगरहून जाडंभरडं कापड भरपूर, शिवाय तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं, आणि किनाऱ्याकडून तगरला आलेला आणखी कसला कसला माल. हे सगळं गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा मुलखातून भडोचला उतरतं.

ते तगर म्हणजे आपलं तेर.

‘आपलं’ म्हणायला लातूरकरांना तरी हरकत नसावी. १५ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर लातूर आणि तेर एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. पुढे उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि तेर त्याच्या वाट्याला राहिलं. नांदेडकरांना थोडा लांबचा पल्ला पडतो: लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, मग मुरूड, ढोकी आणि तेर. २०२३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ग्रीस, रोम, इजिप्तहून आलेली शिल्पं मांडली होती. ती पाहायला मराठवाड्यातूनही माणसं रात्रीच्या गाडीने गेली, आणि ते बरंच झालं. पण त्या संगमरवरी देवांना घडवणाऱ्या जगाशी ज्या गावाचा रोकडा व्यवहार होता, ते गाव लातूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या अंतरावर आहे, आणि तिथे गेलोय असं सांगणारा माणूस मला क्वचितच भेटतो. त्याच गावातल्या संत गोरोबाकाकांच्या समाधीला गेलेले मात्र घरटी सापडतात.

तगर म्हणजे तेर हे ठरायला शंभरएक वर्षं जावी लागली. विल्फर्डला ते देवगिरी वाटलं. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरकडे बोट दाखवलं. रा. गो. भांडारकरांनी धारूरचा विचार केला. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणून कुणी कोकणाच्या जवळपास शोधत होतं. (लातूरकरांनी हिरमुसू नये. राष्ट्रकूटांच्या बिरुदात ‘लत्तलूर’ आहेच. त्या काळच्या राजांना मूळ गाव म्हणून मिरवायला हाच टापू लागायचा.) शेवटी जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरचं नाव पुढे केलं आणि त्याच सुमारास हेन्री कझेन्स यांनी गाव प्रत्यक्ष पाहून वर्णन लिहिलं. मला यातला सर्वांत पटणारा पुरावा साधा त्रैराशिकाचा वाटतो. नकाशावर भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर, वीस दिवसांचे. पैठण ते तेर दीडशेच्या आसपास, दहा दिवसांचे. दोन्हीकडे रोजची चाल पंधरा ते सतरा किलोमीटरच पडते, आणि वाटेची वळणं धरली तर थोडी जास्त. लादलेल्या बैलगाडीचा हाच हिशोब असतो, हे ज्याने उसाची गाडी कारखान्यावर नेली त्याला सांगावं लागत नाही. दिशा तेवढी लेखकाची चुकली. तेर पैठणच्या निव्वळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण तो स्वतः भडोचच्या वर आला असेल असं वाटत नाही. बंदरातल्या आडत्याने हात करून दाखवला, याने लिहून घेतलं.

आता कुणीही विचारेल, तेरचा माल एवढ्या लांब भडोचला कशाला? कल्याण तर पुष्कळ जवळ. घाट उतरलं की समुद्र. याचं उत्तरही त्या वहीतच आहे. कल्याण पूर्वी रीतसर खुलं बंदर होतं, पण पुढे तिथे अडवणूक सुरू झाली. चुकूनमाकून कल्याणला लागलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असं तो लिहितो. तो काळ सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झटापटीचा. दोन सत्तांच्या भांडणात तगरच्या विणकराच्या कापडाला दीडशेएक किलोमीटरचा जादा फेरा पडला. वाहतूक कोण भरणार, याची घासाघीस तेव्हाही झालीच असेल.

तेर गाव तेरणेच्या काठी आहे. गावात शिरताना डोळ्यांना काही ‘प्राचीन’ दिसत नाही. पत्र्याची दुकानं, ट्रॅक्टर, शाळेची पोरं, भक्तनिवासाच्या पाट्या. नीट पाहिलं तर मात्र रस्ता अधूनमधून चढतो आणि उतरतो, आणि काळ्या रानाच्या मुलखात मध्येच राखेसारख्या रंगाची माती लागते. हीच पांढरी. शेकडो वर्षं माणसांनी राहून, चुली पेटवून, भिंती पाडून पुन्हा बांधून साचलेला थर. मराठवाड्यात माळवदाच्या घरावर टाकायला अशी पांढरी माती लागायची. ती पाण्याला लवकर दाद देत नाही. ती खणून आणायची जागा म्हणजे गावाजवळची जुनी टेकाडं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण जुन्या शहरांचा चुरा डोक्यावर घेऊन झोपत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या जड छपरांनी काय केलं ते लातूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. त्यानंतर माळवदं गेली, सिमेंट आलं, टेकाडांची खणणी कमी झाली.

माती खणताना, नांगरताना, पहिल्या पावसाने टेकाडाची कड धुपल्यावर जे वर यायचं त्याला मोल आहे, हे तेरमध्ये एका माणसाने ओळखलं. रामलिंगप्पा लामतुरे. पुरातत्त्वाची पदवी नाही, पाठीशी संस्था नाही. गावातलाच माणूस, आणि आयुष्यभर मणी, मुद्रा, मातीच्या बाहुल्या, दिवे, नाणी, खापरं गोळा करत राहिला. घरात साठत साठत तो हजारोंचा संग्रह झाला. पुढे तो शासनाकडे आला आणि तेरमध्ये त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. पैठणला बाळासाहेब पाटलांनीही असंच केलं. मराठवाड्यातली सातवाहनकाळाची दोन महत्त्वाची संग्रहालयं अशी दोन नादिष्ट माणसांच्या नादातून उभी आहेत, ही गोष्ट अभिमानाची की लाजेची ते ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही वाटतं. अशा संग्रहाची एक खोट असते: वस्तू कुठल्या थरातून, कशाच्या शेजारून निघाली याची नोंद नसते, म्हणून तिचा काळ शैलीवरून ठरवावा लागतो. थरांचा हिशोब लावला तो बा. ना. चापेकरांच्या १९५७-५८ च्या उत्खननाने. त्याचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. चापेकरांचे खड्डे आणि लामतुरेंची कपाटं एकमेकांशेजारी ठेवली तरच तेर वाचता येतं.

संग्रहालयात सगळे जिच्यापुढे थांबतात ती हस्तिदंती बाई. वीतभरसुद्धा नाही. गळ्यात, हातांत, कमरेला एवढे दागिने की अंगावर वस्त्र किती आणि सोनं किती कळू नये. केसांची रचना तर तासभर बसून केलेली. पुढून पाहिलं की मूर्ती वाटते. जरा वरून पाहावं, म्हणजे डोक्यात खोल कोरलेलं भोक दिसतं. त्यात काहीतरी बसत होतं. आरशाची मूठ म्हणा, नाहीतर एखाद्या नाजूक चौरंगाचा पाया. म्हणजे ही देवी नव्हे, सामान आहे, श्रीमंताघरचं. कारागिराने मात्र हातचं राखलेलं नाही.

हिची बहीण इटलीत आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईत एका घरात तशीच हस्तिदंती स्त्री सापडली. उंची पंचवीस सेंटिमीटरला थोडी कमी, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, अंगभर दागिने आणि डोक्यात भोक. तिला लक्ष्मी म्हणून टाकलं, आणि घराचं नाव पडलं ‘भारतीय मूर्तीचं घर’. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियस इसवी सन ७९ मध्ये फुटला, तेव्हा ती त्याआधी तिथे पोचली होती एवढं पक्कं. आधी सगळ्यांनी तिचं माहेर उत्तरेत, मथुरेकडे शोधलं. मग तेरची बाई अभ्यासकांपुढे आली. मग १९७३ च्या सुमारास जालना जिल्ह्यात भोकरदनला खोदताना तशाच हस्तिदंती स्त्रीचा खालचा अर्धा भाग निघाला, शेजारी दासींसकट. मराठवाड्यातली दोन ठिकाणं, एकच घडण. तेव्हापासून पॉम्पेईची लक्ष्मी आपल्याकडची, असं बरेच जण मानतात. मला हे मनापासून आवडलं असतं, पण एक अडचण आहे. तिच्या पायथ्याशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. माल इथला आणि खूण वाटेतल्या व्यापाऱ्याची, असं असू शकतं. उलटही असू शकतं. गावातल्या माणसांशी बोलताना हा वाद संपल्यात जमा असतो, ती तेरचीच. मी तेवढं म्हणणार नाही. घडण एका घराण्याची आहे, इथपर्यंत शपथेवर सांगेन.

गर्दी हस्तिदंताकडे होते. मी जास्त वेळ घालवला तो मातीच्या चकत्यांपुढे. रुपयाएवढी भाजलेल्या मातीची चकती, तिच्यावर एका बाजूला पुरुषाचं डोकं, अरुंद कपाळ, सरळ नाक. रोमन सम्राट टायबेरियस याच्या नाण्यांवरून उठवलेला ठसा. वर ओवायला भोक किंवा कडी. कुणी तरी अस्सल नाणं पाहिलं, त्यावरून साचा केला, आणि ज्यांना सोनं परवडत नाही त्यांच्यासाठी मातीत काढून विकलं. वर बहुधा मुलामाही देत असावेत. टायबेरियस कोण, कुठला, हे घालणारीला ठाऊक असण्याचं कारण नाही. परदेशी पुतळी गळ्यात आहे, एवढं पुरे होतं. आपल्याकडे राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांचे हार कालपरवापर्यंत घालत होतेच.

केओलिन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्याही तशाच. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबायची, आतून पोकळ ठेवून जोडायची, सांधा पुसायचा. ही दुहेरी साच्याची पद्धत भूमध्यसमुद्राकडून आली असं अभ्यासक म्हणतात. पण बाहुलीचा चेहरा पाहा: कपाळावरची बिंदी, कानातली जड कुंडलं, केसांत खोचलेली फुलं. साच्याची युक्ती परक्याची, पोर आपली. दिवेही आहेत, पुढे चोच आणि मागे मूठ असलेले, रोमन घाटाचे, आणि माती इथली.

इथे मला आपल्याकडच्या पाट्या लिहिणाऱ्यांशी, आणि त्याहून भाषणं करणाऱ्यांशी भांडावंसं वाटतं. ‘तेर येथे रोमन लोक राहत होते’ हे वाक्य मी व्यासपीठावरून ऐकलंय. पुरावा तसं म्हणत नाही. बाहेरून आलेला माल तेरमध्ये आहे, दोन कानांच्या निमुळत्या मद्यकुंभांची, अँफोरांची खापरं निघाली आहेत, आणि भडोचला इटलीची दारू पहिल्या पसंतीची होती हे वहीतही आहे. पण भारतात सगळीकडे ‘अँफोरा’ म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी बरीचशी नव्याने तपासल्यावर इराणच्या आखाताकडच्या रांजणांची निघाली. अस्सल ग्रीक घडणीची मूर्ती पाहायची तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जावं. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४६ च्या उत्खननकाळात सापडलेला ब्राँझचा छोटासा समुद्रदेव पोसायडन आहे, तो खरोखर गलबतातून आला. तेरचं महत्त्व याच्या उलट आहे. परदेशी गिऱ्हाइकाला काय आवडतं, त्याच्याकडची कुठली चीज आपल्या बाजारात खपेल, आणि ती इथल्या मातीत किती स्वस्तात काढता येईल, हे जाणणाऱ्या कारागिरांचं हे गाव होतं. पाहुण्यांपेक्षा यजमानच जास्त हुशार दिसतात.

यवन राहत नव्हते असं मात्र नाही. त्यांचा पत्ता घाटाच्या बाजूला लागतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबामागून खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिले आहेत. जुन्नरला इरिल, चिट, चंद हे यवन टाकी, भोजनमंडप आणि लेण्याचा दर्शनी भाग दान करतात. नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, अख्खं लेणं खोदवतो. नावं पाहिलीत? चंद, धर्मदेव, इंद्राग्निदत्त. हे सगळे अथेन्सचे ग्रीक होते असं समजायचं कारण नाही. यवन म्हणजे पुढे पुढे पश्चिमेकडून आलेला कुणीही. आणि त्याच नाशिकला, दुसऱ्या एका लेण्यात, सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाने शक, यवन, पल्हवांचा नाश केला असं कोरून ठेवते. एकाच डोंगरात यवन दाता आहे आणि यवन शत्रू आहे. राजकारण आणि धंदा यांची तोंडं तेव्हाही दोन दिशांना होती.

तेरमध्ये संग्रहालयाबाहेरही पाहण्यासारखं आहे. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं, आणि मागून पाहिलं की गाभाऱ्याची भिंत अर्धगोल वळते, वर गजपृष्ठाकार छप्पर. कझेन्स यांनी हे मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचं म्हटलं. पुढे त्यात विष्णू आला. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा प्रसिद्ध आहे. विटा, माती, लाकूड. दगडाच्या दख्खनमध्ये हे गाव मातीवरच जगलं, आणि त्याचा संतही कुंभार. नामदेवाच्या डोक्यावर थापटणं मारून ‘कच्चं मडकं’ ठरवण्याची कथा गोरोबाकाकांच्या नावावर आहे. मडकं वाजवून पारखायची ती रीत या गावात दीड हजार वर्षं मुरलेली असणार.

मडकी टिकली, कापड गेलं, हीच तेरची मोठी पंचाईत. वहीत तगरचं नाव कापडासाठी आहे आणि कपाटांत कापडाचा धागाही नाही. आपल्या ओल्या-सुक्या हवेत दोन हजार वर्षं सूत कसं राहील? पण दुसऱ्या टोकाला राहिलं. तांबड्या समुद्राच्या काठी, इजिप्तच्या वाळवंटात बेरेनिके नावाचं बंदर होतं. हिंदुस्थानचा माल तिथे उतरे आणि उंटांवरून नाईलकडे जाई. तिथल्या कोरड्या वाळूत काळी मिरी सापडली, सागाचं लाकूड सापडलं आणि सुती कापडाचे तुकडे सापडले. त्यातले काही भारतीय आहेत हे ओळखलं ते पिळावरून. इजिप्तमधली कातणारी सुताला एका बाजूने पीळ देत, आपल्याकडची उलट्या बाजूने. भिंगाखाली धाग्याचा तिरकेपणा पाहिला की कुठल्या हाताने चाती फिरवली ते कळतं. शिडाच्या कापडाचे तुकडेही आहेत. त्यातला एखादा तगरचा असेल? तसं सिद्ध करायचा मार्ग अजून तरी नाही. भारतीय, एवढंच त्या पिळातून वाचता येतं.

कापसाचं म्हटलं तर हा पट्टा कधी रिकामा राहिला नाही. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली तरी तिच्या भोंग्याच्या आठवणी जुन्या नांदेडात सांगतात, आणि ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण ऐंशीच्या दशकात याच जिल्ह्यातल्या संशोधन केंद्रातून निघून देशभर पेरलं गेलं. फ्लीट यांनी जुन्या व्यापारवाटेचा जो माग काढला, तोही मच्छलीपट्टणकडून निघून हैदराबादच्या बाजूने तेर, पैठण, दौलताबाद असा येतो. ‘किनाऱ्याकडून तगरला आलेला माल’ म्हणजे बहुधा पूर्व किनाऱ्याचा. तो कुठून वर चढला, मांजरेच्या कडेने की गोदावरीच्या, यावर नांदेड-लातूरच्या एखाद्या पोराने प्रबंध लिहायला हरकत नाही. या दोन जिल्ह्यांतल्या गावोगावच्या पांढरीवर सातवाहनकाळाची खापरं पायाखाली येतात, ती टिपून नकाशा केला तरी निम्मं काम होईल.

तेरमध्ये पुढचं उत्खनन सोपं नाही, कारण शहर जिथे होतं तिथेच गाव आहे. आजवर खोदलं ते मोकळ्या टेकाडांवर. उरलेलं लोकांच्या घरांखाली. त्रिविक्रमाच्या देवळाकडे जाताना एका घराचा पाया चालू होता. खड्ड्याच्या भिंतीत विटांचे दोन थर स्पष्ट दिसत होते, आजच्या विटेपेक्षा बऱ्याच मोठ्या. मालकाला विचारलं, काही निघतंय का?

“निघतंय की. इथं पाया खांदला की निघतंयच काहीतरी. खापरं, मणी. आता सायबांना कळवावं तर काम थांबतंय, पाऊस तोंडावर आलाय. तुम्हीच सांगा, सर.”

मी सांगितलं की थांबवू नका, पण जे निघेल ते फेकू नका, कुठल्या कोपऱ्यात किती खोल निघालं ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि संग्रहालयात नेऊन दाखवा. त्यांनी मान हलवली, मिस्त्रीला हाक मारली आणि फोटो कसा काढायचा, पट्टी ठेवून की नुसता, असं मलाच विचारलं. पट्टी ठेवून, म्हटलं. मिस्त्रीकडची पट्टी इंचांची होती. चालेल, म्हटलं.